पाटीशेजारची जागा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल, त्याची माफी असावी. शाळा चौथीतच सुटली.

मी सुक्या मासळीची पाटी घेऊन रोज सकाळच्या एसटीने रत्नागिरीच्या बाजारात जाते. मागच्या सीटवर बसते. वासामुळे शेजारी कोणी येत नाही. पण गेल्या वर्षी हायस्कूलची एक मुलगी मुद्दाम येऊन बसायची. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळायची आणि पाटीतल्या बोंबलांकडे बघत इंग्रजी बोलायची. अडली की पुन्हा पहिल्यापासून.

एकदा मला म्हणाली, "मावशी, वर्गात तोंड उघडलं की मुलं हसतात. तुम्हाला यातलं काय कळत नाय ना, म्हणून तुमच्यासमोर बोलता येतं."

मला राग नाही आला. चारचौघांत माझीही जीभ अडकते. मी नुसती मान हलवायची.

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी ती दप्तराचा पट्टा सारखा सोडत आणि गुंडाळत होती. "आज सगळ्या वर्गापुढे बोलायचंय, मावशी. नाय जमलं तर?"

"बाईंच्या टेबलावर माझी पाटी ठेवलीय असं समज," मी म्हटलं. एवढं बोलून मीच लाजले.

संध्याकाळच्या गाडीत ती धावत चढली. "मावशी, सगळं बोलले! एकदाच अडले. समोर बोंबीलच दिसत होते. वाससुद्धा आला!"

आता ती पुढे मैत्रिणींत बसते. तिचं नाव मी अजून विचारलेलं नाही. पण तिचं इंग्रजी मागपर्यंत ऐकू येतं, आणि मी तिथूनच मान हलवते.