आबांचं एक पोर्तुगीज वाक्य

धुळ्याला आमच्या घराच्या वरच्या खोलीत एक सिस्टर भाड्यानं राहायच्या. दवाखान्यात नर्स, मूळच्या गोव्याच्या. त्यांची आई वारल्यावर त्यांनी वडिलांनाही इकडे आणलं. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा ते तिथल्या शाळेत मास्तर होते. गल्लीच्या रिवाजानं आम्ही त्यांना आबा म्हणायला लागलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजात होते.

सिस्टर ड्यूटीवर गेल्या की आई माझ्या हाती आबांचा चहा वर पाठवायची. एकदा माझ्या हातात मराठी व्याकरणाचं पुस्तक बघून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली, "आ मिन्या मांय इश्ता एंय काझा." माझी आई घरी आहे.

"मिन्या म्हणजे माझी. आई स्त्रीलिंगी, म्हणून माझी. वडील असते तर मेउ, माझा."

"आमच्यासारखंच की! पण सुरुवातीचा आ कशाला?"

"तो नुसता पुढे चालतो, आई येतेय म्हणून सांगायला."

इश्ता म्हणजे आहे, पण आत्तापुरतं. कायमचं असणं सांगायला दुसरं क्रियापद. काझामध्ये अक्षर स-चं, उच्चार मात्र वेगळा. मला ते सगळं जमलं, मांय तेवढं जमेना. आमच्या मूळ खेड्यात आईला मायच म्हणतात, तेच तोंडात यायचं.

"शेवट नाकातून सोड. ओठ मिटू नकोस," ते म्हणायचे, आणि मी हसत सुटायचे. प्रश्न करायला शब्द हलवायचे नाहीत, फक्त आवाज चढवायचा. आणि हो म्हणायचं तर क्रियापदच परत म्हणायचं, हेही त्यांनी याच वाक्यावर शिकवलं. "पुढचं वाक्य दिवाळीनंतर," म्हणाले.

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. काही दिवसांनी वाचा परत आली, पण कोकणी नाही, मराठी नाही. सिस्टर घाबऱ्याघुबऱ्या खाली आल्या. "तुला शिकवत होते ना गं? जरा वर ये."

आबा छताकडे बघत एकच विचारत होते. आवाज शेवटी चढत होता.

"माझी आई घरी आहे का, असं विचारतायत," मी म्हणाले.

आबांची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. "काय सांगू?" सिस्टर म्हणाल्या.

"इश्ता म्हणा. आहे."

त्यांनी खाली वाकून म्हटलं, "इश्ता, पाय." वडिलांना त्या पाय म्हणायच्या. आबांचा चेहरा सैल पडला. मग ते बोलायला लागले, सलग, एखादी मोठी हकीकत सांगावी तसं. मध्ये हसले, मध्ये त्यांचे डोळे भरले. मी कान देऊन ऐकत होते. मिन्या दोनदा ओळखू आलं, मांय एकदा. बाकी नुसता आवाज. सिस्टर त्यांचा हात धरून प्रत्येक थांब्यावर इश्ता, इश्ता म्हणत राहिल्या. दुसरा शब्द आम्हा दोघींजवळ नव्हता.

आठवडाभरात आबा गेले.

सामान बांधताना सिस्टर म्हणाल्या, "मी शाळेत जायला लागले तेव्हा पोर्तुगीज गेले होते. पाय म्हणायचे, घरी शिकवतो. मी म्हणायचे, त्याचा आता काय उपयोग? एका घरात राहून त्यांची भाषा मला आली नाही." मग थोड्या वेळानं, "त्या दिवशी ते काय बोलले, तुला काहीच कळलं नाही?"

अंदाजानं काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण माझ्यानं ते झालं नाही. "नाही," म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि ट्रंकेची कडी लावायला घेतली. पुढे मी लग्न होऊन जळगावला आले. पोर्तुगीज शिकवणारं माणूस मला त्यानंतर कुणी भेटलं नाही.