सगळे कॉम्प्युटर एकदम काढताना

घाटकोपरला आम्ही पाच जण भांडवलशाहीविरुद्ध पत्रकं काढायचो, तेव्हा इंटरनेटवरून गाणी विकत घ्यायचं एकच खातं सगळ्यांत मिळून होतं. वर्गणीतून घेतलेली गाणी सर्वांची, आणि एकमताशिवाय कुणालाही वगळायचं नाही, हा आमचा नियम. पुढे गट फुटला, खातं तसंच राहिलं.

परवा माझ्या नव्या लॅपटॉपवर ती गाणी वाजेनात. एका खात्याला पाचच कॉम्प्युटर जोडता येतात, ती मर्यादा भरली होती. हाताशी नसलेला जुना कॉम्प्युटर खात्यातून एकेक काढायची सोय नाही. सगळे एकदम काढा, मग ज्याने-त्याने पुन्हा जोडावं. ही तर हुकूमशाहीच. म्हणून मी एकेकाला विचारत गेलो. माझ्यासकट चौघांचे जुने कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेले होते. उरला फक्त बोरीवलीच्या मैत्रिणीचा. तिने जाहिरात कंपनीत नोकरी धरल्यापासून आम्ही बोलत नव्हतो. तरी फोन केला.

"एकमत घेतोयस?" ती हसत सुटली. "अरे, गटात तू एकटाच उरलायस ना! कर ठराव पास."

"तुझं मत हवंय."

"काढून टाक."

"पासवर्ड जुनाच आहे. तू परत जोडू शकतेस."

"माहितेय रे. मीच ठरवला होता तो." मग म्हणाली, "बघते."

मी बटण दाबलं. इतक्या काळाने तिचा आवाज ऐकला आणि बोललो काय, तर नियमाबद्दल. ती कशी आहे, एवढंही विचारलं नाही. हल्ली रोज खातं उघडून तिचा कॉम्प्युटर जोडला गेलाय का ते बघतो. अजून तिथे माझा एकट्याचाच आहे.