दुबईचा पाहुणा तिवश्याला पोचलाच नाही

ये गं, अशी जवळ बस. फुलांच्या परदेशी गिऱ्हाइकाला भेटायला निघालीस आणि न्यायला गाडी कोणाची येणार, हे घरी सांगितलंसुद्धा नाहीस? पोलिसातल्या आत्याची भाची ना तू! मग हे ऐक.

तेव्हा मी अमरावतीला होते. तिवश्याची एक बागायतदारीण घाबरीघुबरी ठाण्यात आली. दुबईचा एक व्यापारी तिची संत्री घ्यायचा. प्रत्यक्ष भेट कधीच नाही, सगळं व्हिडिओ कॉलवर. प्रत्येक सौद्याला दोघं आपापल्या ठिकाणी संत्रं सोलून एकमेकांसमोर एक फोड खायची. तीच त्यांची सही. तो पहिल्यांदाच बाग पाहायला नागपूरला उतरला, आणि तिला मेसेज आला, 'परत जातोय. यापुढे माल एजंटकडून घेईन.'

"मॅडम, हे लिहिणारा तो नाही. फोड खाल्ल्याबिगर त्यानं सौदा केला नाही का मोडला नाही. त्याले काही झालं तर त्याच्या बायकोले मी काय सांगू?"

स्टेशन डायरीत नोंद घेतली. त्याचा फोन मेसेजपुरता सुरू व्हायचा, की बंद. फोनवरच्या धंद्यानं ज्याचं काम सुटलं होतं, त्या तिच्या जुन्या दलालाला चौकशीला आणलं.

"मले काहून धरलं? मी त्याले पाहिलंबी नाही!"

मी हात उगारला नाही. मार खाल्लेला माणूस खोटंही कबूल करतो. बाईला लिहायला लावलं, 'फोड खाऊन दाखवा, मग सौदा मोडला.' लिहिलं खरं, पण नजर फोनवरून हटवली नाही. त्याला डांबून ठेवणाऱ्यांना संशय आला तर ते त्याला जिवंत ठेवतील का?

छोटा व्हिडिओ आला. पाहुण्यानं फोड ओठांपर्यंत नेली, पण ती तोंडात जाईना. मागे पाण्याचा ड्रम, त्यावर पांढरा थर. माझं माहेर खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा तो थर मी लहानपणी रोज घासलाय.

दलालाला विचारलं, "खाऱ्या पाण्याकडं तुमचं कोण राहते जी?"

त्याचा चेहराच उतरला. "बाळापूरकडं साडू आहे... त्यानंच बाईची गाडी म्हणून विमानतळावरून बसवलं त्याले. भेवच दाखवायचा होता मॅडम."

साडूच्या शेतातल्या खोलीचं कुलूप तोडलं, तर पाहुणा कोपऱ्यातून हलेना. आमची वर्दीही त्याला सोंग वाटली. मी बाईला व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्यापुढे धरला.

"भाईसाब, ये मॅडम अपनीच है. निकलो बाहर!"

तेव्हा कुठे तो रडत रडत माझा हात धरून उठला.

फोननं चेहरा दिसतो गं, भरवसा सवयीनं बसतो. समोरच्याच्या सवयी ओळखून ठेव, आणि गाडीत बसण्याआधी त्याला व्हिडिओ कॉल लाव, तोंड पाहून विचार, गाडी त्यानंच पाठवली का. परतलीस की आधी माझ्याकडे ये. लवकर ये, तोवर माझा डोळा लागायचा नाही.