मित्राच्या कथेची प्रुफं

मुलुंडच्या आमच्या प्रकाशकांना आम्ही सर म्हणायचो. शाळेतून निवृत्त झालेले. प्रकाशन म्हणजे त्यांच्या पुढच्या खोलीतलं एक टेबल. पगारी माणूस एकही नाही, म्हणून एका लेखकाची प्रुफं दुसऱ्याने तपासायची ही तिथली पद्धत. ऐंशीच्या दशकात माझ्यासारख्या, घरातल्या पहिल्याच पदवीधराचं पुस्तक काढायला दुसरं कोण तयार होतं? सर तयार झाले, याचं ऋण मी आजही मानतो.

पण ऑफिसातल्या माझ्या मित्राचा कथासंग्रह माझ्याआधी निघणार हे कळलं आणि माझ्या पोटात दुखू लागलं. त्याने वही माझ्यानंतर दिली होती.

"त्याचं तयार आहे रे," सर म्हणाले. "तुझ्या वहीवर अजून हात फिरवायचाय."

मित्राने पाठीवर थाप मारली. "तोंड काय पाडतोस यार? तुझंही झकास निघेल!"

त्याच्या घरी भिंतभर पुस्तकं होती. आमच्या घरी पंचांग तेवढं.

त्याची प्रुफं माझ्याकडेच आली. छापखान्यात खिळे जुळवताना एका कथेचा शेवटचा परिच्छेद राहून गेला होता. शेजारी हस्तलिखित उघडं होतं. आठच ओळी, पण तशा मला जन्मात सुचल्या नसत्या. कथा त्यांच्याशिवायही संपते, असं मी स्वतःला समजावलं. खाली 'छापण्यास हरकत नाही' लिहून सही केली.

आठवड्याने सरांनी छापून आलेली सोळा पानं माझ्यासमोर ठेवली. "तू वाचलंस, म्हणून मी पुन्हा बघितलंच नाही."

ते ऐकून माझ्याच्याने गप्प बसवेना. "सर, एक परिच्छेद गळलाय. मी बघूनही सोडला."

"जळलास होय त्याच्यावर?"

मी होकारार्थी मान हलवली.

सरांनी ती सोळा पानं बाजूला सारली. मग म्हणाले, "ही पानं पुन्हा छापायची, तर माझ्याकडे फक्त तुझ्या पुस्तकासाठी ठेवलेला कागद आहे. नवा घ्यायला मला सहा महिने तरी लागतील. वापरू?"

"वापरा," मी म्हणालो.

मित्राला मी स्वतःच सांगितलं. "साल्या!" एवढंच म्हणाला आणि चार दिवस डबा वेगळा खाल्ला. पुस्तक आलं, तेव्हा मनोगतात त्याने माझे आभार मानले होते.

"टोमणा आहे का रे?"

"नाही रे. तू बोलला नसतास तर परिच्छेद गेला होता ना."

खरंच तसं वाटत होतं त्याला. त्याच्या जागी मला आयुष्यात असं वाटलं नसतं. त्या दिवशी त्याच्या कथांपेक्षा त्याचाच हेवा जास्त वाटला.