कंदाची चव

निवृत्त माणसाला कुणी साक्षीदार म्हणून बोलावलं की तो लगेच तयार होतो. मीही झालो. फोन एका मुलीचा होता. ती कुसगावच्या एका हॉटेलात रिसेप्शनला असते आणि राहते लोणावळ्याजवळ वलवणच्या मागच्या डोंगरात, आदिवासी ठाकरांच्या वाडीत. "आजोबा, आमच्या वाडीचा मोर्चा आला तेव्हा तुम्ही कचेरीत होतात ना? शाळेतले गुरुजी आणि मी त्याचा व्हिडिओ करतोय. तेव्हाची माणसं आता थोडीच उरलीत." मी म्हटलं, होतो. मग ती जरा चाचरत म्हणाली, "माझ्या आजीला अजून बोल लावतात त्या मोर्च्यावरून. सगळ्यात जास्त माझे आबाच. तुम्ही येऊन सांगितलंत तर बरं होईल."

बोल कसला, ते मी विचारलं. तिनं सांगितलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक होतो. कुठल्या ते सांगत नाही. घर तुंगार्लीला, भाताची खाचरं स्वतःची, वर सरकारी नोकरी, म्हणजे आमचं बरं चाललं होतं. एका उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांवरून शे-दीडशे माणसं एकदम खाली उतरली. एरवी ही माणसं कचेरीत एकेकटी यायची, "साहेब हायेत का" एवढं दाराशी विचारायची आणि नाही म्हटलं की परत फिरायची. त्या दिवशी ती व्हरांड्यात बसली आणि हलायचं नाव घेईनात. मागणी एकच होती. घरात दाणा नाही, रोजगार हमीचं काम काढा. घोषणाबिषणा फार नव्हत्या, त्या कशा द्यायच्या हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

थोड्या वेळानं एक विशीची बाई आत आली. तिनं साहेबांच्या टेबलावर पळसाच्या पानानं झाकलेली टोपली ठेवली. आत उकडलेल्या कडूकंदाचे काप होते. हा कंद जंगलातला, मुळात कडूजहर. काप करून राखेच्या पाण्यात उकडायचे, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे तो पोटात टिकतो. धुण्यात कसर राहिली तर घसा धरतो, उलट्या होतात. घरात दुसरं काही असलं तर कुणी त्याच्या वाटेला जात नाही. "आमी ह्ये खातो साहेब," ती म्हणाली, "तुमीबी खाऊन बघा."

साहेबांनी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही इथलेच ना? खाऊन सांगा." मी एक काप उचलला, सगळ्यांकडे पाठ करून फाइलींच्या कपाटाशी गेलो आणि तो रुमालात गुंडाळून खिशात टाकला. मग जरा वेळ जबडा हलवला आणि वळून म्हटलं, "चांगला आहे, साहेब."

का, असं कुणी विचारेल. आमच्या घरात ठाकरांच्या हातचं कुणी खात नसे आणि मला त्यात काही वावगंही वाटत नसे. एवढंच कारण होतं, याहून मोठं काही नाही.

साहेबांनी टिपणी लिहिली, की सदर कंद खाण्यास योग्य असून तूर्त टंचाई दिसत नाही. तिच्यावर शिक्का मी मारला. त्या उन्हाळ्यात काम निघालं नाही आणि अख्खी वाडी कोकणात वीटभट्ट्यांवर गेली. पुढच्या उन्हाळ्यात माणसं पुन्हा आली ती दुप्पट, चार दिवस व्हरांडा सोडेनात, तेव्हा काम निघालं. वाडीवर जाणारा रस्ता त्याच कामातला. आता भाषणांत त्या मोर्च्याला ऐतिहासिक म्हणतात.

पण पहिल्या वर्षीच्या हरण्याचं खापर वाडीनं कंद रांधणारीवर फोडलं. तिनं तो फारच निगुतीनं धुतला, म्हणून साहेबाच्या माणसाला गोड लागला. जरा कडू ठेवला असता तर सरकारला कळलं असतं, असं सगळ्यांचं मत. पाव्हन्यापुढं कडू कसं ठेवायचं, एवढंच ती म्हणायची. तिचा नवरा त्या साली भट्टीवर विटांच्या गाड्याखाली आला, त्याचा एक पाय कायमचा निकामी झाला. ती बाई म्हणजे या मुलीची आजी, आणि तो नवरा म्हणजे तिचे आबा.

मी गेलो तो एक वाक्य तयार करून. कंद चांगला होता यात रांधणारीचा दोष नाही, दोष साहेबांच्या डोक्याचा होता, असं म्हणायचं ठरवलं होतं. साहेब वारलेले असल्यानं त्यांची काही हरकत नव्हती. आजीची अब्रू राहिली असती आणि माझीही.

अंगणात माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची मांडली होती. मुलीची आजी, मी त्यांना मावशी म्हटलं, जोत्यावर बसून सुपातले तांदूळ निवडत होत्या. गुरुजींनी फोन समोर धरला, मी घसा साफ केला, सांगत सांगत कचेरीच्या व्हरांड्यापर्यंत आलो आणि फोन बंद पडला.

"गरम झाला की असंच करतो," गुरुजी म्हणाले. "बॅटरी फुगलीय. मागचं झाकण उचलायला लागलंय बघ."

"किती वर्षांचा झाला सर?" मुलीनं विचारलं.

"चार. अपडेटही यायचे थांबलेत. तुझा काढ ना."

"माझ्या स्क्रीनवर हिरवी रेघ आलीय. शिवाय मेमरी फुल. कुठलं अ‍ॅप काढावं तेच कळत नाही."

"एक्स्चेंजला दे."

"रेघ दिसली की दुकानदार हातात पण घेत नाही. आणि नव्याबरोबर म्हणे आता चार्जर पण देत नाहीत."

मी एरवी फोनबद्दल कुणाशी बोलत नाही. त्या दिवशी बोललो. माझा मुलगा म्हणतो माझा फोन म्हातारा झाला, पण कचेरीतलं माझं स्टेपलर तीन साहेबांना पुरलं, आणि या वस्तूला चार वर्षांत म्हातारपण कसं येतं? दोघं हसली. मग मी कॅमेऱ्याचं विचारलं, बॅटरी बदलून मिळते का विचारलं, लोणावळ्यातल्या एका दुरुस्तीवाल्याची चार शब्दांत निंदाही केली. त्यांचा फोन बंद होता तोवर मला पुढचं सांगावं लागणार नव्हतं, हे मला पक्कं कळत होतं. दोघं चार्जरची पिन शोधायला शेजारच्या घरात गेली तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, सापडू नये.

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "येक इचारू? कंद लागला कसा व्हता वो?"

"चांगला होता."

"तसं न्हाई. पयल्यांदा खानाऱ्याचा घसा जरासा धरतोच, कितीबी धुवा. मानूस पानी मागतो. तुमी पानी मागितलं न्हाईत." त्यांची नजर सुपावरच होती. एक खडा त्यांनी अंगणात भिरकावला.

माझं तयार वाक्य कुठल्या कुठे गेलं. "मावशी, मी तो खाल्लाच नाही," मी म्हटलं. "खिशात टाकला."

"का वो?"

तेही सांगितलं. तुमच्या हातचा होता म्हणून. हे तोंडानं म्हणताना मला इतकी लाज वाटली, की त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं "व्हय" म्हटलं. सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

तेवढ्यात नात पळत आली. "आजोबा, झाला सुरू. आता कचेरीपासून पुन्हा सांगा."

"ऱ्हाऊ दे त्यो," मावशी म्हणाल्या. "भाऊ, आत या."

आत खाटेवर आबा भिंतीला टेकून बसले होते. एक पाय लांब केलेला, काठी हाताशी. "त्यांना ऐकू कमी येतं," मावशी म्हणाल्या. "मोट्यानं सांगा."

मी सांगितलं. आबांनी कानाशी हात नेला. "कोन?" मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. दारात गुरुजी आणि नात येऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा मी खाटेशी वाकून अक्षरशः ओरडलो, "मी कचेरीतला! तुमच्या बायकोचा कंद मी खाल्ला नव्हता! न खाताच चांगला म्हणालो!" इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात खरं बोललो नसेन.

आबांनी पायावर हात ठेवला आणि मान मावशींकडे वळवली. "मंग तू तवा बोलली का न्हाईस?"

"बोलले व्हते," मावशी म्हणाल्या. "त्याच सांजच्याला बोलले, त्या भाऊनं खाल्लाच न्हाई म्हनून. तुमीच म्हनलात, सरकारी मानूस खोटं कशापायी बोलंल." त्यांनी आवाज जराही चढवला नाही. पदर नीट केला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काय म्हनती?" आबांनी मला विचारलं.

मी मावशींकडे पाहिलं. त्या पुन्हा सांगायला तयार नव्हत्या. मग मी पुन्हा वाकलो आणि त्यांचं वाक्य आबांच्या कानात ओरडून सांगितलं, त्या बोलल्या होत्या, त्याच संध्याकाळी बोलल्या होत्या. आबांनी मान हलवली. माझ्या तोंडून आल्यावर त्यांना ते लगेच पटलं.