हव म्हणण्यापुरती जागा

फोन वाजला तेव्हा मी रायपूरच्या सदर बाजारात स्कूटरवर अडकून पडले होते. सोनाराच्या दुकानासमोर कोणीतरी गाडी आडवी लावली होती आणि मागचे सगळे हॉर्नवर हात ठेवून उभे होते. खिशातला फोन थरथरून बंद झाला, पुन्हा थरथरला. शेवटी काढला. बीरगांवहून आत्याच्या शेजारच्या साहूभाभी बोलत होत्या. "बेटा, तुम आ जाओ. आंटी कुर्सी पे बैठी हैं... उठ नहीं रहीं." मी विचारलं, चक्कर आली का, डॉक्टरला बोलावलं का. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम बस आ जाओ." माझ्या पाठीवरच्या पिशवीत त्या महिन्याचं पुस्तक होतं. ते आत्याला वाचून दाखवायचं राहिलं होतं, आणि का राहिलं होतं ते मला चांगलं माहीत होतं.

प्रमिलाआत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेली. आमच्या मूळ गावाकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात, पण रायपुरात दोन पिढ्या काढल्यावर ते आमचे फुफाजी झाले. ते उरला या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये होते, म्हणून घर बीरगांवात. मी समता कॉलनीत भाड्याच्या खोलीत राहते, बाबा रेल्वे कॉलनीजवळच्या जुन्या घरात. बाबांनी आयुष्यभर नोकरी सांभाळून पत्रकं लिहिली, छापली आणि जयंतीला, धम्मसभेला, मोर्चाला वाटली. छापून आलेले ताव दुमडायचं काम आत्याचं. तिच्या पडवीत सतरंजी पसरायची, ढीग मधोमध ठेवायचा आणि आत्या स्टीलच्या वाटीच्या काठाने प्रत्येक घडी दाबत जायची. मी वाचायला शिकले ती त्या घड्यांवर. घरात गोष्टीचं पुस्तक नव्हतं. बाबा म्हणायचे, "गोष्टीत राजा येते, देव येते, भूत येते. तिघाइचंही आपल्याशी वैर." मला ते पटलेलं होतं. अजूनही बरंचसं पटतं.

गेल्या वर्षी फोनवर एक आवाहन दिसलं. काही मराठी वाचकांनी वर्षभराचं वाचन-आव्हान सुरू केलं होतं... दर महिन्याला मेक्सिकोचं एक पुस्तक, मिळेल त्या भाषेत वाचायचं आणि ग्रुपवर त्याबद्दल लिहायचं किंवा बोलायचं. मी नाव दिलं ते क्रांतीसाठी. जमिनीसाठी लढलेली माणसं, वेठबिगार, मळ्यांचे मालक, हे सगळं मला आपलंच वाटत होतं. फुफाजी गेल्यापासून आत्याची संध्याकाळ सरत नसे, म्हणून तिचंही नाव घालून टाकलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "मेक्सिको कुठंसा आला?"

"अमेरिकेच्या खाली."

"खाली आहे ना, मंग जमन आपल्याले."

पुस्तकं बहुतेक इंग्रजीत मिळत. आत्या मराठी आणि हिंदी वाचायची, इंग्रजीत तिला पार्सलच्या पावत्यांपलीकडे रस नव्हता. मग आमची रीत ठरली. रविवारी मी बीरगांवला जायचे, दाराच्या पायरीवर बसायचे आणि इंग्रजी पान वाचत वाचत मराठीत सांगत जायचे. आत्या दाराशी वायरच्या खुर्चीवर, अर्धी आत, अर्धी बाहेर. इथल्या छत्तीसगढी बायका गोष्ट ऐकताना प्रत्येक वाक्याला "हव" म्हणतात, तसं ती म्हणायची. नुसता होकार नव्हता तो. पुढे सरकायची परवानगी होती. "हव" आलं नाही की समजायचं, तिला झोप लागली आहे किंवा पटलेलं नाही. बहुतेक वेळा पटलेलं नसायचं.

ग्रुपवर ती लिहीत नसे, आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. एका मळेमालकाबद्दल तिने सांगितलं, "हा मानूस आमच्या जुन्या पार्सलबाबूसारखा आहे. सोता काही उचलत नाही, पन कोनाची पाठ वाकली अन् कोनाची नाही, हे बराबर पाह्यते." पुण्या-सांगलीचे लोक तिच्या आवाजाची वाट पाहू लागले. माझ्या लांबलचक पोस्टखाली अंगठे यायचे. आत्याच्या आवाजाखाली लोक आपापल्या आत्यांबद्दल लिहायचे.

मात्र मी तिला पुस्तकं पूर्ण सांगत नव्हते. खोटं सांगत नव्हते, वगळत होते. त्या देशाच्या पुस्तकांत मेलेली माणसं फार. ती परत येतात, स्वयंपाकघरात बसतात, जिवंतांशी भांडतात. संतांच्या मूर्ती घाम गाळतात. असं पान आलं की मी डोळ्यांनी ओलांडून जायचे आणि संपापाशी, जप्तीपाशी किंवा गोळीबारापाशी पुन्हा आवाज लावायचे. त्यांची क्रांती बीरगांवात यावी, त्यांची अंधश्रद्धा कशाला... असं मी ठरवलं होतं, आणि ठरवताना आत्याला विचारलं नव्हतं.

पकडले गेले ते ग्रुपच्या ऑनलाइन चर्चेत. फोन स्पीकरवर होता. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, विहिरीच्या काठावर रोज संध्याकाळी येऊन बसणारी ती मेलेली आई फारच सुंदर उतरली आहे. आत्याने माझ्याकडे पाहिलं. "कोनती माय?"

मी हळूच म्हटलं, "नंतर सांगते."

"तू तं म्हटलं होतं, विहीर मालकानं बुजवली. बस."

"बुजवलीच ना."

"अन् तिच्यावर कोन बसते ते?"

"ते एवढं महत्त्वाचं नव्हतं, आत्या."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "पोट्टी, तू सेन्सॉर बोर्डात कधी लागली? आता पुढं सगळं सांगजो. मले काय चालते अन् काय नाही, ते माह्यावर सोड."

म्हणून पुढची गोष्ट मी एक ओळही न गाळता सांगितली. एका विधवेची गोष्ट होती. नवरा सरहद्दीपलीकडे खाणीत कामाला गेला, तिकडेच मेला, तिकडेच पुरला गेला. वर्षातून एकदा, त्यांच्याकडे मेलेल्यांच्या भेटीचे दिवस असतात तेव्हा, ती गावच्या तिठ्यापासून आपल्या दारापर्यंत पिवळ्या फुलांच्या पाकळ्या टाकत येते. मेलेल्याला वास कळतो, वासाने वाट कळते. मग त्याच्या आवडीचं जेवण ताटात वाढते आणि समोर बसून राहते. गोष्टभर आत्याचं एकदाही "हव" आलं नाही. मला वाटलं झोपली. संपल्यावर तिने विचारलं, "पिवळी फुलं म्हनजे झेंडू का?"

"हो. आपल्याकडचा झेंडू मूळचा तिकडचाच आहे."

"मंग त्याले रस्ता पाठ असन," ती म्हणाली.

फुफाजी लॉकडाऊनच्या काळात गेले. दवाखान्याच्या गेटवरच आत्याला थांबवलं होतं. तिथूनच त्यांना नेलं, घरी आणलंच नाही. तेव्हा कुणालाच आणत नव्हते. मिलमधून येताना ते गल्लीच्या कोपऱ्यावर सायकलची घंटी वाजवायचे आणि आत्या चहा ठेवायची. ते गेले त्या दिवसापासून आत्याची खुर्ची दाराशी सरकली होती, हे मला त्या रविवारीही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर तिचा आवाज आला. "मी प्रमिला, बीरगांवहून. आमचे हे त्या साली घरी आलेच नाही. यंदा त्या बाईसारखा मी बी कोपऱ्यापासून दारालोक झेंडू टाकून पाहीन. त्याइले वांग्याची भाजी अन् भाकर आवडे, ते ठेवीन. कोनाले हासाचं असन तं हासा."

कोणी हसलं नाही. लोकांनी फुलं पाठवली, हात जोडले. ते पाहून माझं डोकं फिरलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर लिहिलं. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमधल्या सहावीची, श्राद्ध न करण्याच्या प्रतिज्ञेची, आठवण करून दिली. श्राद्धाला परदेशी नाव दिलं म्हणून त्याचं श्राद्धपण जात नाही, जे ताट आपल्या आज्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर फेकलं तेच आपण कादंबरीच्या दारातून आत घेतो आहोत, दुःखी माणूस सगळ्यात आधी विवेक सोडतो आणि धर्माचे ठेकेदार त्याचीच वाट पाहत असतात... असं बरंच. भाषा मला तयारच होती, मी तिच्यावरच वाढले. कोणीतरी लिहिलं, "परखड." कोणीतरी लिहिलं, "हे सांगायला धैर्य लागतं." दुपारी पाहिलं तर आत्याच्या आवाजाच्या जागी, मेसेज हटवला आहे, अशी ओळ होती. मला तेव्हा, खरं सांगते, बरं वाटलं. एक माणूस परत आणला, असं वाटलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "वाचलं म्या. बराबर आहे तुह्यं."

"आत्या, मी तुला नाही बोलले, त्या विचाराला बोलले."

"हव. सहावीचं पान म्याच दुमडत होती, मले ठाऊक आहे ना." मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. "घरी येऊन म्हटलं असतं तं चाललं असतं, पोट्टी. रविवारी येतच होती तू."

त्या रविवारी मी गेले नाही. पुढच्या रविवारी तिनेच कळवलं, डोळे दुखून राहिले. ऐकायला डोळे लागत नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. मग माझ्या सभा निघाल्या, तिच्याकडे पाहुणे आले. पुस्तक पिशवीत फिरत राहिलं. झेंडूचे दिवस येऊन गेले आणि तिने काय केलं ते मी विचारलं नाही. मी गृहीत धरलं की तिला पटलं.

साहूभाभींचा फोन आला तेव्हा आत्या दाराशी खुर्चीवरच गेलेली होती. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पडवीत तीच सतरंजी पसरली होती. भंतेजी गेले, जेवणं झाली, आणि मी भांडी उचलत असताना साहूभाभी जवळ आल्या. म्हणाल्या, आंटीने त्या हफ्त्यात झेंडू आणला होता, टोपलीभर. वांगी पण आणली होती. "सुबह से पंखुड़ी तोड़ के बैठी थीं. शाम को देखा तो सब गमले में डाल दिया. मैंने पूछा, आंटी, क्या हुआ? बोलीं, रहने दे, भतीजी को अच्छा नहीं लगेगा."

मी भांडी घेऊन तशीच उभी राहिले. मला वाटत होतं, आत्या प्रतिज्ञेसाठी थांबली. ती माझ्यासाठी थांबली होती. पाकळ्या तोडून तयार होत्या, कोपरा चार घरं पलीकडे होता, आणि ती माझ्या रागाला भिऊन दारातून परत फिरली. जिने आयुष्यात पार्सलबाबूला भीक घातली नाही, ती.

बाबांना सांगितलं. ते सतरंजीची घडी करत होते. "तू लिहिलं ते बरोबरच होतं," ते म्हणाले, आणि पुढची घडी घातली. दुसरं काही बोलले असते तर मला रडता आलं असतं.

कारण तोच तर पेच आहे. मी आजही श्राद्ध मानत नाही. मेलेलं माणूस वासाने परत येत नाही, ताटातलं जेवत नाही, आणि या समजुतीवर पोट भरणारे लोक मी पाहिले आहेत. त्या पोस्टमधलं एकही वाक्य मला मागे घेता येत नाही, आणि ती पोस्ट मला सहन होत नाही. एखादं वाक्य चुकीचं सापडलं असतं तर तिच्या फोटोसमोर कबूल करून मोकळी झाले असते. सापडत नाही. मी शोधते तेव्हा प्रत्येक वेळी तो पंख्याचा आवाज तेवढा सापडतो. तिला श्राद्ध घालायचंच नव्हतं बहुधा. ज्याला घरी येऊ दिलं नाही त्याला एकदा घराची वाट दाखवायची होती. हे विचारायला अर्ध्या तासाचा रस्ता होता, आणि मी फोनवर बोटं चालवली.

घर अजून भाड्याने दिलेलं नाही. किल्ली माझ्याकडे आहे. आव्हानाची पुस्तकं उरली आहेत, ग्रुपवर मी काही लिहीत नाही, पण रविवारी बीरगांवला जाते. दार उघडते, कुंडीतल्या वाळक्या पाकळ्यांना हात लावत नाही, पायरीवर बसते आणि इंग्रजी पान मराठीत सांगायला लागते. मोठ्याने. आता काहीच ओलांडत नाही. मागची पुस्तकंही पुन्हा काढली आहेत. विहिरीवरची आई आली तर तिला बसू देते, ती काय म्हणाली तेही सांगते. मूर्तीला घाम येतो ते सांगते. मला पटत नाही ते सगळं सांगते. परवा साहूभाभी दूध घेऊन जाताना थबकल्या. "किसको सुना रही हो, बेटा?"

"किसी को नहीं, भाभी," मी म्हटलं. ते खरंच होतं. वायरची खुर्ची दाराशी आहे, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि ती रिकामी आहे हे मला दिसतं.

तरी वाक्य संपलं की मी लगेच पुढे जात नाही. थांबते... एक हव येऊन जाईल एवढं. मग पुढचं वाक्य घेते.