फुटव्हॉल्वमधले शिंपले

दारव्ह्याला पाण्याचे पंप दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. नदीतल्या पंपाचा फुटव्हॉल्व, म्हणजे पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या टोकाची झडप, उघडला, की आत अडकलेले जिवंत शिंपले ते ओल्या फडक्यात बांधून गिऱ्हाइकाच्या हाती देतात. "ज्या नदीतले त्याच नदीत सोडजा. दुसऱ्या पाण्यात नोका टाकू." धरणात अलीकडे बाहेरून आलेले बारीक पिवळे शिंपले माजलेत. त्यांच्यावर मात्र चाचा उकळतं पाणी ओततात, मगच व्हॉल्व परत देतात.

एकदा खोळंबून मी वैतागलो. "चाचा, एवढं कायले? शिंपले ते शिंपले."

"हरेक नदीचा येगळाच राहू दे. कपाशी पाह्यली ना भाऊ? साऱ्या शिवारात एकच बियाणं. अळी आली तं कोणाच्या वावरात बोंड राह्यलं?"

माझ्याही वावरात राहिलं नव्हतं.

तरी परीक्षा पाहायची म्हणून मी अडाण आणि अरुणावती नदीचे रिकामे शिंपले, आतून पेन्सिलीच्या खुणा करून, एका डब्यात मिसळून नेले. माझ्याशी बोलता बोलता, डब्याकडे न बघता, चाचांनी नुसता अंगठा फिरवून दोन ढीग केले. एकही चुकला नाही.

शेवटचा मात्र त्यांनी बराच वेळ हातात धरला. तो आईचा कैऱ्या सोलायचा जुना शिंपला होता. मीच मुद्दाम टाकलेला.

"हा कळंबकडच्या नाल्यातला. तिथं आता सारे पिवळेच हायेत."

आईचं माहेर कळंबचं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

शिंपला रिकामा होता. तरी चाचांनी फडकं भिजवलं, पिळलं, आणि त्यात बांधूनच तो माझ्या हाती दिला.